पॅनेल ३८ व्होल्टचे, बॅटरी १२ ची: सोलर चार्ज कंट्रोलर निवडताना आणि जोडताना

निफाड तालुक्यात माझ्या मावसभावाच्या शेतघरावर ३३५ वॅटचे एक पॅनेल आहे. एप्रिलच्या एका दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, बॅटरीकडे जाणाऱ्या वायरला क्लॅम्पमीटर लावला तेव्हा करंट ८.४ अँपिअर दिसला आणि बॅटरीचे व्होल्टेज १३.५. दोन्हींचा गुणाकार केला की ११३ वॅट होतात. पॅनेल नवे होते, काच सकाळीच पुसलेली होती, सावली कुठेही पडत नव्हती. तरीही ३३५ पैकी जेमतेम तिसरा हिस्सा बॅटरीपर्यंत पोहोचत होता. दोष पॅनेलचा नव्हता आणि बॅटरीचाही नव्हता. तो दोघांच्या मध्ये भिंतीवर बसवलेल्या तळहाताएवढ्या डबीच्या निवडीत होता. दुकानातून ती ‘वीस अँपिअरचा कंट्रोलर’ म्हणून आणलेली होती, आणि ती खरोखरच वीस अँपिअरची होती. फक्त त्या पॅनेलसाठी आणि त्या बॅटरीसाठी ती नव्हती.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आणि बॅटरी आधीपासून आहे आणि आता तिला पॅनेल जोडायचे आहे, किंवा शेतावर दिवे, पंखा आणि कॅमेरा चालवण्यापुरती यंत्रणा उभी करायची आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. छतावरची जी यंत्रणा थेट महावितरणच्या लाइनला जोडलेली असते आणि जिच्यात बॅटरी नसते, तिच्यात चार्ज कंट्रोलरही नसतो, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही. हाताशी एक मल्टिमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर असावा. वायरमनकडे असलेला साधा क्लॅम्पमीटर बहुधा फक्त एसी मोजतो आणि बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवतो, त्यामुळे उसना आणण्यापूर्वी त्यावर डीसी अँपिअरची खूण आहे ना, हे पाहून घ्यावे.

पहिली पायरी: बॅटरीला काय हवे ते लिहून काढणे

बहुतेक जण पॅनेलपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण पॅनेल आणि कंट्रोलर बदलता येतात, पण घरात असलेली बॅटरी आणि तिला जोडलेला इन्व्हर्टर आपण सहसा बदलत नाही. एका बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर १२ व्होल्टचा असतो आणि दोन बॅटऱ्यांवर चालणारा २४ चा. कंट्रोलरला याच व्होल्टेजला बॅटरी चार्ज करायची असते.

‘१२ व्होल्टची बॅटरी’ हे मात्र नुसते नाव आहे. आम्लाच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरून काही तास विसावलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी जवळपास रिकामी समजावी. तिच्यात वीज भरायची तर याहून जास्त व्होल्टेज द्यावे लागते. घरोघरी असलेल्या, पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीला ते साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवावे लागते, तेथे काही काळ टिकवावे लागते आणि मग १३.६ च्या आसपास उतरवून ठेवावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलच्या बॅटरीला १४.२ ते १४.४ पुरतात. २४ व्होल्टच्या जोडणीत हे सगळे आकडे दुप्पट होतात.

यातून पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया मिळतो. १२ च्या बॅटरीला वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशीही १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत आणि २४ च्या जोडीला २८.८. आम्लाची बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची घटते. चार्जिंग तर चालू आहे, पण बॅटरी कधीच भरत नाही, अशा अवस्थेत दोन वर्षांत संपलेल्या बॅटऱ्या मी पाहिल्या आहेत.

दुसरी पायरी: पॅनेलच्या पाठीवरचा स्टिकर वाचणे

पॅनेल विकताना वॅट सांगतात, आणि दरही वॅटवरच ठरतो. कंट्रोलर निवडायला मात्र वॅटपेक्षा स्टिकरवरचे चार आकडे लागतात. व्हीओसी म्हणजे पॅनेलला काहीही जोडलेले नसताना त्याच्या टोकांना मिळणारे व्होल्टेज. आयएससी म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना जोडली असता वाहणारा करंट. व्हीएमपी आणि आयएमपी म्हणजे पॅनेल जास्तीत जास्त वीज देत असतानाचे व्होल्टेज आणि करंट. शेतघरावरच्या त्या ३३५ वॅटच्या पॅनेलवर व्हीओसी ४६.२, व्हीएमपी ३८.०, आयएससी ९.३ आणि आयएमपी ८.८२ असे आकडे होते. ३८.० गुणिले ८.८२ म्हणजेच ३३५.

हे आकडे कारखान्यातल्या चाचणीचे असतात. प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश, ही त्या चाचणीची अट आहे. आपल्याकडच्या छतावर या दोन गोष्टी एकाच वेळी जवळपास कधीच जुळत नाहीत, कारण कडक उन्हात सेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी जास्त तापतो. हवा ३८ वर असेल तर सेल ६५ च्या घरात असतो, आणि पत्र्याला चिकटवून बसवलेले पॅनेल त्याहूनही तापते. सेल तापला की व्होल्टेज उतरते आणि गारठला की चढते. दर अंशाला ते किती टक्के बदलते हेही माहितीपत्रकात दिलेले असते. व्हीओसीसाठी ते साधारण ०.२७ ते ०.३३ टक्के असते आणि व्हीएमपीसाठी ०.४ टक्के धरले तर हिशेब फारसा चुकत नाही.

सेलच्या संख्येवरूनही पॅनेलचा स्वभाव कळतो. ३६ सेलचे पॅनेल, म्हणजे बाजारातले ‘१२ व्होल्टचे’, सुमारे १८ व्होल्टला काम करते. ७२ सेलचे, म्हणजे ‘२४ व्होल्टचे’, ३६ ते ४२ ला, आणि ६० सेलचे या दोघांच्या मध्ये, ३१ च्या आसपास. हल्ली अर्धे कापलेले सेल वापरतात. त्यामुळे १४४ सेल दिसले, तरी ते पॅनेल व्होल्टेजच्या दृष्टीने ७२ सेलचेच असते, आणि १२० सेलचे ६० चे. सेल मोजून दुप्पट व्होल्टेज धरणारे लोक मला भेटले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तिसरी पायरी: पीडब्ल्यूएम की एमपीपीटी

पॅनेल आणि बॅटरी यांचे व्होल्टेज जुळत नसताना दोघांची गाठ घालून देणे हे कंट्रोलरचे काम असते, आणि ते दोन प्रकारे होते.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मूलतः एक जलद स्विच. बॅटरी रिकामी असते तोवर हा स्विच सतत चालू राहतो, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी एकमेकांना थेट जोडलेली असतात. अशा वेळी जोर बॅटरीचा चालतो. पॅनेल ३८ व्होल्ट देऊ शकत असले, तरी बॅटरी त्याला खेचून स्वतःच्या १३.५ वर आणते. पॅनेलचा करंट व्होल्टेज उतरल्याने विशेष वाढत नाही. तो प्रकाशावर ठरतो आणि आयएससीच्या पुढे जात नाही. त्यामुळे ३८ गुणिले ८.८ मिळण्याऐवजी १३.५ गुणिले ८.४ मिळतात. बाकीची वीज कंट्रोलरमध्ये जळते असा समज आहे, पण तो खरा नाही. ती वीज पॅनेल देतच नाही. तिच्याएवढी उष्णता पॅनेलमध्येच राहते आणि काच थोडी जास्त तापते. बॅटरी १४.४ ला पोहोचली की स्विच उघडझाप करू लागतो आणि जेवढी गरज असेल तेवढाच करंट सोडतो.

एमपीपीटी कंट्रोलरमध्ये स्विचच्या जोडीला तांब्याची कॉइल असते. स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, कॉइल ऊर्जा घेते आणि सोडते, आणि जास्त व्होल्टेज व कमी करंटचे रूपांतर कमी व्होल्टेज व जास्त करंटमध्ये होते. मोठी नोट मोडून सुटे पैसे घ्यावेत तसा हा व्यवहार आहे, आणि त्याचा बट्टा चांगल्या कंट्रोलरमध्ये तीन-चार टक्क्यांहून जास्त नसतो. पीडब्ल्यूएममध्ये मात्र १३ रुपयांच्या मालासाठी ३८ ची नोट देऊन सुटे न घेताच घरी परतावे लागते. एमपीपीटीचे दुसरे काम चाचपणीचे आहे. पॅनेलचे व्होल्टेज किंचित वाढवून किंवा कमी करून तो वॅट वाढले का हे पाहतो, वाढले तर त्याच दिशेने पुढे जातो, घटले तर मागे फिरतो. ढग आला, सेल तापला किंवा सूर्य कलला, की सर्वाधिक विजेचा बिंदू सरकतो, आणि कंट्रोलर दिवसभर त्याच्या मागे असतो.

आता शेतघराचा हिशेब पाहू. सेल ६० अंशांवर असताना ३३५ वॅटचे पॅनेल पूर्ण उन्हात सुमारे २९० वॅट देऊ शकते. ऊन ९० टक्के धरले तर २६०. त्यातून बट्टा वजा केला की २५० वॅट उरतात आणि १३.५ व्होल्टला त्यांचे १८.५ अँपिअर होतात. पीडब्ल्यूएमवर हेच ८.४ होते. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी रात्रीतून अर्धी वापरली गेली, तर ती भरायला तूट धरून सुमारे ८८ अँपिअर-अवर लागतात. पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळाला, तर पीडब्ल्यूएम ४५ च्या आसपास देतो आणि एमपीपीटी ९० च्या पुढे. एकाच पॅनेलवर एक बॅटरी एका दिवसात भरते आणि दुसरी दोन दिवसांतही कष्टाने.

म्हणून पीडब्ल्यूएम टाकाऊ ठरतो का? माझे मत तसे नाही. ३६ सेलचे १६० वॅटचे पॅनेल आणि १२ ची बॅटरी अशी जोडी असेल, तर उन्हाळ्यात तापलेल्या पॅनेलचे व्हीएमपी १५ च्या जवळ येते आणि बॅटरीचे व्होल्टेज १४ च्या जवळ असते. दोघांत फरकच इतका थोडा उरतो की एमपीपीटीला मोडायला फारसे काही मिळत नाही. गोठ्यातले दोन दिवे आणि मोबाइल चार्जिंग यांसाठी तीन-चार पट किंमत मोजण्यात अर्थ नाही. ७२ सेलचे पॅनेल आणि २४ व्होल्टची बॅटरी या जोडीलाही पीडब्ल्यूएम चालतो. पण ७२ सेलचे पॅनेल आणि १२ ची एक बॅटरी, किंवा ६० सेलचे पॅनेल आणि कोणतीही बॅटरी, अशी जोडी असेल तर एमपीपीटीला पर्याय नाही.

चौथी पायरी: थंडीतल्या पहाटेचा हिशेब

प्रत्येक कंट्रोलरवर पॅनेलकडून येणाऱ्या व्होल्टेजची कमाल मर्यादा लिहिलेली असते, ५०, १०० किंवा १५० अशी. ही मर्यादा ओलांडू नये एवढे सगळ्यांना माहीत असते. स्टिकरवरचा व्हीओसीचा आकडा २५ अंशांचा आहे आणि थंडीत तो चढतो, हे मात्र विसरले जाते. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली उतरतो. सूर्य उगवतो तेव्हा पॅनेल रात्रभर गारठलेले असते. प्रकाश कमी असला तरी व्होल्टेज जवळपास पूर्ण उभे राहते, कारण प्रकाश घटल्याने करंट जितका घटतो तितके व्होल्टेज घटत नाही. शिवाय कंट्रोलरने अजून वीज ओढायला सुरुवात केलेली नसते. वर्षातले सर्वांत जास्त व्होल्टेज अशा एखाद्या सकाळी मिळते.

हिशेब सोपा आहे. समजा, ५४० वॅटची दोन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला लावून, जोडायची आहेत आणि प्रत्येकाचे व्हीओसी ४९.५ आहे. बेरीज ९९.० होते आणि १०० व्होल्टच्या कंट्रोलरकडे पाहून मन समाधानी होते. आता सर्वांत कमी तापमान ५ अंश धरा. २५ पासून फरक २० अंश, दर अंशाला ०.२७ टक्के, म्हणजे ५.४ टक्के वाढ. ९९.० चे १०४.३ होतात. तो कंट्रोलर ऑक्टोबरात बसवला तर दिवाळी नीट पार पडेल आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी त्याचे आतले स्विच कायमचे जळतील. ही चूक वॉरंटीत बसत नाही. १५० च्या कंट्रोलरला ही दोन पॅनेल निर्धास्त जोडता येतात, पण तीन जोडली तर ५ अंशांना १५६ होतात, म्हणजे तेथेही तिसऱ्याला जागा नाही. एकटे ५४० चे पॅनेल ५० व्होल्टच्या स्वस्त कंट्रोलरला जोडले तरी ५२ व्होल्ट येतात.

कोकणात किंवा मुंबईत पारा सहसा १५ च्या खाली जात नाही, म्हणून तेथे हा फरक कमी येईल. तरीही मी सगळीकडे ५ अंशच धरतो आणि मर्यादेच्या खाली आणखी पाच टक्के जागा सोडतो.

पाचवी पायरी: एप्रिल-मेचा हिशेब

थंडीत भीती असते कंट्रोलर जळण्याची. उन्हाळ्यात काहीच जळत नाही, आणि म्हणूनच ही चूक जास्त काळ लपून राहते.

६० सेलचे पॅनेल आणि २४ व्होल्टची बॅटरी ही जोडी दिसायला योग्य वाटते. व्हीएमपी ३१.० आणि बॅटरीला हवे २८.८, म्हणजे दोन व्होल्ट शिल्लक. अकोल्याला मे महिन्यात सेल ६५ अंशांवर गेला की ४० अंशांच्या फरकाने १६ टक्के व्होल्टेज उतरते आणि ३१.० चे २६.० होतात. बॅटरी निम्मी असेपर्यंत करंट जातो, दिवाही लुकलुकतो. पण बॅटरीचे व्होल्टेज जसे २६-२७ च्या वर चढते, तसा पॅनेलचा करंट घसरत जातो आणि २८.८ काही केल्या येत नाही. एमपीपीटी लावला तरी उपयोग होत नाही, कारण सर्वसाधारण एमपीपीटी व्होल्टेज उतरवतो, चढवत नाही. पुष्कळ कंट्रोलरना तर चार्जिंग सुरू करण्यासाठीच बॅटरीपेक्षा काही व्होल्ट जास्त लागतात, कोणाला दोन तर कोणाला पाच. ते माहितीपत्रकात पाहावे. उपाय एकच, दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडून व्हीएमपी ६२ करणे आणि १०० व्होल्टचा एमपीपीटी लावणे.

यातून माझा ठोकताळा असा आहे. एमपीपीटीसाठी तापलेल्या पॅनेलचे व्हीएमपी बॅटरीच्या कमाल चार्जिंग व्होल्टेजपेक्षा निदान पाच व्होल्टने जास्त असावे, आणि गारठलेल्या पॅनेलचे व्हीओसी कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा निदान पाच टक्क्यांनी कमी. या दोन टोकांच्या मध्ये जी जोडणी बसते ती घ्यावी. पीडब्ल्यूएमसाठी वरचा अर्धा नियम वेगळा आहे. तापलेले व्हीएमपी वायरमधली घट धरून १४.४ किंवा २८.८ च्या किंचित वर असावे. याच कारणासाठी ‘१२ व्होल्टच्या’ पॅनेलमध्ये ३६ सेल घालून १८ व्होल्ट ठेवलेले असतात.

सहावी पायरी: करंट आणि वायर

कंट्रोलरवरचा अँपिअरचा आकडा एमपीपीटीमध्ये बॅटरीच्या बाजूचा असतो. पॅनेलचे वॅट भागिले बॅटरीचे व्होल्टेज, एवढाच तो हिशेब. ५४० वॅटला १३ ने भागले की ४१ अँपिअर येतात, आणि तेच पॅनेल २४ च्या जोडीवर निम्मे, म्हणजे २१ अँपिअर मागते. यात एक सोय आहे. चांगल्या एमपीपीटीला थोडे जास्त वॅट दिले, तर तो करंट स्वतःच आवरतो आणि जास्तीची वीज सोडून देतो. पीडब्ल्यूएमला हे जमत नाही. तेथे पॅनेलच्या आयएससीच्या सव्वापट क्षमतेचा कंट्रोलर घ्यावा. दोन पॅनेल पॅरलल असतील, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलेली असतील, तर आयएससी दुप्पट धरावे. बॅटरीलाही मर्यादा असते. दीडशे अँपिअर-अवरच्या ट्युब्युलरला १५ ते २० अँपिअर मानवतात, ४० मानवणार नाहीत. असा प्रश्न आला तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये कमाल करंट बांधून द्यावा.

वायरच्या बाबतीत लोक फार काटकसर करतात. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध दर मीटरला सुमारे ५ मिलिओहम असतो. छतावरून कंट्रोलरपर्यंत १५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.१५ ओहम. त्यातून ९ अँपिअर गेले की १.३५ व्होल्ट वायरमध्येच जातात. ३६ सेलच्या तापलेल्या पॅनेलकडे १५ व्होल्टच असतील, तर एवढी घट झाल्यावर बॅटरी भरण्याची आशा सोडावी. व्हीएमपी ८० असेल तर हीच घट दोन टक्क्यांहूनही कमी ठरते. पॅनेल दूर असेल तर सिरीजचे वजन वाढते ते यामुळे.

बॅटरीच्या बाजूची वायर छोटी आणि जाड असावी. कंट्रोलर बॅटरीचे व्होल्टेज आपल्या टर्मिनलवर मोजतो, बॅटरीवर नाही. मधल्या वायरमध्ये पाव व्होल्ट गेला, तर १४.४ झाले असे समजून तो हात आवरता घेतो आणि बॅटरी १४.१५ वरच राहते. कंट्रोलर बॅटरीपासून दोन मीटरच्या आत बसवावा आणि २० अँपिअरला १० चौरस मिलिमीटरची वायर वापरावी. मात्र तो बॅटरीच्या थेट वर टांगू नये, कारण चार्ज होताना निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्याची टर्मिनल हिरवी पडतात.

सातवी पायरी: जोडणीचा क्रम

बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे. या वायरवर शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर लाल होते. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठी बनवलेली एमसीबी लावावी. घरातली एसीची एमसीबी येथे चालत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीमध्ये तसे होत नाही आणि एमसीबीच्या आत ठिणगी जळत राहू शकते.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम ऐच्छिक नाही. १२ आहे की २४, हे कंट्रोलर बॅटरी पाहून ओळखतो, आणि बॅटरीशिवाय पॅनेल जोडले गेले तर त्याला व्होल्टेज टेकवायला आधारच उरत नाही. जोडण्यापूर्वी वायरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून धन-ऋण तपासावे, व्हीओसी स्टिकरच्या जवळ आहे हे पाहावे आणि मग पॅनेलवर जाड चादर टाकावी. पॅनेलमागची एमसी४ कनेक्टर करंट वाहत असताना ओढू नयेत.

पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर दिव्याचे चित्र असलेली दोन टर्मिनल असतात. इन्व्हर्टर तेथे कधीही जोडू नये. ती दहा-वीस अँपिअरच्या दिव्यांसाठी आहेत आणि ६०० वॅटचा भार आला की इन्व्हर्टर ५० अँपिअरच्या वर ओढतो. इन्व्हर्टर थेट बॅटरीलाच जोडलेला राहू द्यावा.

घरात इन्व्हर्टर असणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते, की पॅनेल बसवूनही बिल उतरले नाही. याचे कारण कंट्रोलरमध्ये नसते. इन्व्हर्टरचा स्वतःचा चार्जर लाइन असेपर्यंत बॅटरी भरलेलीच ठेवतो, मग दुपारी पॅनेलला भरायला काही उरत नाही. दिवसा लाइनवरून होणारे चार्जिंग बंद ठेवणारे सोलर रेट्रोफिट युनिट मिळते, ते घ्यावे. नाहीतर इन्व्हर्टरच्या इनपुटला एक स्विच लावून तो सकाळी हाताने बंद करण्याची सवय लावावी.

आठवी पायरी: सेटिंग आणि खरी परीक्षा

कंट्रोलरच्या मेनूत बॅटरीचा प्रकार निवडावा लागतो, आणि नवा कंट्रोलर बहुधा सीलबंद बॅटरीवर ठेवलेला येतो. पाणी घालायच्या ट्युब्युलरसाठी तो बदलावा. लिथियम बॅटरी असेल तर समकरण चार्जिंग, म्हणजे महिन्यातून एकदा १५ च्या वर व्होल्टेज नेणारी सोय, न विसरता बंद करावी. तापमानाचा सेन्सर सोबत आला असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवावा. आम्लाच्या १२ च्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी हवे असतात, म्हणजे ४० अंशांच्या खोलीत १४.४ ऐवजी १४.०४. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे केले नाही तर बॅटरीचे पाणी दर पंधरा दिवसांनी उतरते.

राहिली परीक्षा. बाजारात एमपीपीटी असे ठळक छापलेले, पण आत निव्वळ पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलर भरपूर आहेत. ओळखण्याची रीत दोन मिनिटांची आहे. रात्री पंखे चालवून बॅटरी थोडी उतरवावी आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, चार्जिंग जोरात असताना, कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर धरावा. ते व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजएवढेच असेल, तर छापलेले काहीही असो, तो पीडब्ल्यूएम आहे. खऱ्या एमपीपीटीवर तेथे पॅनेलचे तापलेले व्हीएमपी दिसते, आणि बॅटरीकडे जाणारा करंट पॅनेलकडून येणाऱ्या करंटपेक्षा जास्त असतो. भरलेल्या बॅटरीवर ही परीक्षा घेऊ नये, कारण तेव्हा दोन्ही प्रकारच्या कंट्रोलरवर पॅनेलचे व्होल्टेज वर चढलेले असते. हातात उचलून पाहिले तरी अंदाज येतो. कॉइल आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला कंट्रोलर जड असतो, चिमूटभर वजनाची डबी २० अँपिअरचे रूपांतर करू शकत नाही.

शेतघरावरचा जुना कंट्रोलर उतरवून मे महिन्यात ३० अँपिअरचा, १०० व्होल्टचा एमपीपीटी बसवला. पॅनेल तेच, बॅटरी तीच. पॅनेलच्या टर्मिनलवर ३२.५ व्होल्ट, बॅटरीवर १३.६, पॅनेलकडून ७.८ अँपिअर आणि बॅटरीकडे १७.९. महिनाभराने टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळले तेव्हा बॅटरीकडच्या धन टोकाचा स्क्रू अर्धा आटा फिरला. वायर तापून-निवून सैल झाली होती. मावसभावाने कंट्रोलरच्या शेजारी खडूने आयएससी, व्हीओसी आणि त्या दिवशीचे चारही आकडे भिंतीवर लिहून ठेवले आहेत, आणि आता शंका आली की तो मला फोन करण्याआधी मीटर धरून ते ताडून पाहतो.